एक थकबाकी तेवढी दिसतीया

"दादा, आकडे दिसतायत सगळे. पण कुठला आकडा कशाचा, ते दिसंना. एक थकबाकी तेवढी दिसतीया."

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या कॅशियर मॅडमचा हा फोन गेल्या पावसाळ्यात आला आणि तेव्हापासून त्यातलं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मॅडमच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. पांढऱ्या स्क्रीनकडे दिवसभर बघितलं की डोळे चुरचुरतात, पावसात दिव्याभोवती कडं दिसतं तसं अक्षरांभोवती दिसतं, असं त्या सांगत होत्या. त्यांच्या भाच्यानं डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही तीन बटणं एकदम दाबून विंडोजचं हाय कॉन्ट्रास्ट सुरू करून दिलं. पार्श्वभूमी काळी, अक्षरं पांढरी. मॅडमच्या डोळ्यांना गारवा मिळाला. मग त्यांनी संस्थेचं सॉफ्टवेअर उघडलं. ते मी लिहिलेलं आहे, २००६ साली, आणि पिग्मीच्या पावत्यांपासून ताळेबंदापर्यंत ती शाखा अजून त्याच्यावरच चालते.

त्यांनी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो पाठवला. अंधाऱ्या माजघरात कौलांच्या फटीतून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडावा, तसा काळ्या फॉर्मच्या मधोमध एक फिकट पिवळसर आयत. त्या आयतात काळ्या चौकटी, चौकटींत पांढरे आकडे, अगदी स्वच्छ. चौकटींच्या डावीकडे मात्र काहीच नाही. फोटो बोटांनी मोठा केला तेव्हा कळलं की तिथं अक्षरं आहेत. 'खातेदाराचं नाव', 'जामीनदार', 'शिल्लक', सगळी जागच्या जागी, पण पिवळसरावर पांढरी. दुधाच्या सायीवर खडूनं लिहावं तशी. फक्त एक शब्द गडद लाल रंगात ठसठशीत उभा होता: थकबाकी.

पुण्यात रात्री जुना प्रोजेक्ट उघडला. आधी संशय लेबलांवरच, म्हणजे चौकटींशेजारच्या त्या नावांवरच, गेला. एकेका लेबलावर क्लिक करून उजवीकडची प्रॉपर्टींची, म्हणजे रंग-आकारासारख्या गुणांची, यादी बघत गेलो. ज्यांनी या खिडकीसमोर वर्षं काढली आहेत त्यांना ठाऊक आहे की तिथं एखादी किंमत ठळक अक्षरात दिसली तर ती कुणीतरी हातानं भरलेली असते, साध्या अक्षरात दिसली तर ती वरून आलेली किंवा मुळातली. अकरा लेबलं होती. अकरांचाही बॅककलर, म्हणजे मागचा रंग, साध्या अक्षरात. कुणाचाच स्वतःचा नाही. फोरकलर, म्हणजे अक्षरांचा रंग, फक्त थकबाकीचा ठळक, तो मीच मुद्दाम गडद लाल दिलेला. म्हणजे लेबलांनी काही चुकवलेलं नव्हतं. मग ती सगळी लेबलं ज्याच्यावर बसली होती त्या पॅनेलवर, म्हणजे फोटोतल्या त्या आयतावर, क्लिक केलं. बॅककलर: २३६, २३३, २१६, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांची शून्य ते २५५ मधली मापं. ठळक.

हे तीन आकडे मी विसरणं शक्य नाही. विंडोज एक्सपीच्या त्या निळ्या-हिरव्या काळात कुठलाही साधा फॉर्म याच रंगाचा असायचा, मुगाच्या डाळीच्या पाण्यासारखा. २००६ मध्ये त्या पॅनेलला मी आधी आकाशी रंग दिला होता. संस्थेच्या चेअरमन साहेबांना तो भडक वाटला, म्हणाले, बाकीच्यासारखाच करा. मी फॉर्मचा स्क्रीनशॉट पेंटमध्ये उघडला, रंग उचलला, त्याचे आकडे बघितले आणि ते पॅनेलच्या बॅककलरपुढे टाइप केले. पॅनेल फॉर्ममध्ये विरघळून गेलं. कड कुठे आहे ते मलाही दिसेना. चेअरमन साहेब खूश, मी खूश.

त्याच ठिकाणी राइट क्लिक करून 'रीसेट' म्हटलं असतं तरी डोळ्यांना अगदी तेच दिसलं असतं.

या 'तेच'वर मी त्या रात्री फार वेळ अडकलो. रीसेट केल्यावर पॅनेलच्या रंगाच्या जागी कुठलाच रंग उरत नाही. डॉटनेटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ज्या साधनात मी हे लिहिलं त्यात, त्याला कलर डॉट एम्प्टी म्हणतात, रिकामा रंग. काळा नव्हे, पांढरा नव्हे, पारदर्शकही नव्हे, नुसता रिकामा. स्क्रीनवर उमटायची वेळ आली की पॅनेल आपल्याजवळ बघतं, रिकामं दिसलं की ज्याच्यात ते बसलंय त्याला विचारतं: तुझा रंग काय? त्यालाही स्वतःचा नसेल तर तो त्याच्या वरच्याला. असं विचारत विचारत फॉर्मपर्यंत जातात आणि फॉर्मलाही रंग दिलेला नसेल तर विंडोजच्या सिस्टिम कलरपर्यंत, म्हणजे त्या संगणकापुढे बसलेल्या माणसानं स्वतःसाठी निवडलेल्या रंगापर्यंत. मॅडमनी काळा निवडला होता. तो काळा फॉर्मपर्यंत आला, पॅनेलच्या दाराशी आला आणि तिथं थांबला, कारण पॅनेलकडे सांगायला स्वतःचे तीन आकडे होते. अक्षरांच्या रंगाबद्दल पॅनेल रिकामंच होतं, म्हणून पांढरी अक्षरं मात्र वरून विनातक्रार आत आली. पार्श्वभूमी २००६ ची, अक्षरं आजची. आईबापाकडचा रंग बदलला की त्याची वर्दी पोरांना जाते, आणि ज्याचा स्वतःचा रंग आहे तो ती वर्दी खाली देत नाही. त्यामुळे ती अकरा लेबलं बिचारी अगदी आज्ञेत होती. ती पॅनेलला विचारत होती, आणि पॅनेल त्यांना वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत होतं.

अशा प्रॉपर्टींना अ‍ॅम्बियंट म्हणतात: बॅककलर, फोरकलर, फॉन्ट, कर्सर. आपण बोलताना सरसकट 'इनहेरिट होतं' म्हणतो, आणि नवीन पोरांचा गोंधळ तिथंच होतो. फॉर्मवरच्या लेबल, पॅनेल, चौकट अशा प्रत्येक तुकड्याला कंट्रोल म्हणतात; लेबल हा कंट्रोल या क्लासचा, म्हणजे मूळ साच्याचा, वंशज, ते त्याचं कूळ. पण रंग कुळातून येत नाही. रंग येतो तो राहत्या घरातून. तेच लेबल एका पॅनेलमधून उचलून दुसऱ्यात ठेवा, नव्या घरचा रंग घेऊन ते मुकाट बसतं. मला हे नेहमीच सुंदर वाटत आलं आहे. याहून जुनी रीत तर विंडोजच्या पोटात आहे: एडिटबॉक्ससारखा कंट्रोल स्वतःला रंगवण्याआधी आपल्या पालक खिडकीला डब्ल्यूएम सीटीएलकलर घराण्यातला एक संदेश पाठवतो आणि पालकानं हातात ब्रश द्यायची वाट बघतो. पालक काही बोललाच नाही तर सिस्टिमचा रंग ठरलेला. दर वेळी रंगवताना विचारायचं, हे मला फार आवडतं.

मग मी आकडे का टाइप केले? हात सवयीचा गुलाम असतो. मी शिकलो व्हीबी ६ वर, डॉटनेटच्या आधीच्या व्हिज्युअल बेसिकवर. तिथं रंगाच्या बाबतीत कुणी कुणाला विचारत नव्हतं. फॉर्म हिरवा केला की त्यावरची लेबलं राखाडी ठिगळांसारखी तशीच राहायची. मग कंट्रोल दाबून एकेक लेबल निवडायचं आणि सगळ्यांना मिळून रंग द्यायचा, नाहीतर बॅकस्टाइल ट्रान्स्परंट, म्हणजे पारदर्शक, करायची. चार-पाच वर्षं हे केल्यावर 'रंग हवा असेल तर भरावा लागतो' हे हाडात मुरलं. शेजारच्या टेबलावर डेल्फी या दुसऱ्या साधनात प्रोग्रॅम लिहिणारे बसायचे, त्यांच्याकडे पेरेंटकलर, म्हणजे पालकाचा रंग घ्यायचा का, नावाची उघड प्रॉपर्टी होती, खरं किंवा खोटं. तुम्ही कलरला हात लावलात की ती आपोआप खोटी व्हायची. पालकाचाच रंग पुन्हा निवडलात तरी ती आपण होऊन खरी व्हायची नाही. त्यांचं बघून मी शिकायला हवं होतं. ज्या वातावरणात कुणी विचारत नाही तिथून आलेल्या माणसाला रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते.

मिरजेच्या आमच्या घराला दर दिवाळीआधी चुना लागायचा. पत्र्याच्या डब्यात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतलं की तो सळसळत फुटायचा, वाफ यायची, आणि आम्हा पोरांना अण्णा लांब उभं करायचे. मग त्यात निळीची पुडी, चिकटायला थोडा सरस, आणि केकताडाचा कुंचा. ओला असताना भिंतीवर काहीच दिसायचं नाही, सुकला की तासाभरात निळसर पांढरं उजळायचं. त्या ओल्या चुन्याचा वास अजून कुठे आला तर मला फराळाची भूक लागते. स्वयंपाकघरात आजीची देवळी होती, भिंतीतच कोरलेली. निरांजनाच्या काजळीनं तिची वरची कमान दर वर्षी काळी व्हायची आणि चुन्यातूनही ती काजळी पुन्हा वर यायची. एका वर्षी आजीनं रंगाऱ्याला देवळीपुरता ऑइलपेंट मारायला लावला, म्हणजे फडक्यानं पुसता येईल. रंगारी कसबी होता. भिंतीच्या निळसर पांढऱ्याशी त्यानं तो रंग असा जुळवला की त्या दिवाळीला बघणाऱ्यांना फरक सांगता आला नसता. हात लावला तरच कळायचं. भिंत पीठ लागल्यासारखी, देवळी गुळगुळीत आणि गार.

पुढच्या वर्षी अण्णांनी चुन्यात पिवडी टाकली. सगळं घर हळदीच्या पाण्यासारखं झालं. देवळीवरही कुंचा फिरवला, पण ऑइलपेंटवर चुना धरत नाही. शिमग्यापर्यंत पापुद्रे सुटले, आणि पिवळ्या भिंतीत निळसर पांढरा कोनाडा जसाच्या तसा वर आला. त्यानंतर घराचे रंग किती बदलले. पिवडी गेली, डिस्टेंपर आलं, फिकट हिरवं झालं, गुलाबी झालं. देवळी त्या एका दिवाळीची राहिली. अण्णा दर वर्षी म्हणायचे, खरवडून काढायला पाहिजे. आजी म्हणायची, असू दे रे. मला आता त्या भिंतींचे रंग ओळीनं सांगता येत नाहीत, फोटो बघावे लागतात. देवळीचा रंग मात्र डोळे मिटले की दिसतो, बोटांना तिचा गारवा लागतो. म्हणून पॅनेलच्या त्या तीन आकड्यांवर मला जेवढं रागवायला हवं होतं तेवढं रागावता आलं नाही. एक्सपीचा तो रंग आता जगात कुठे दिसतो? माझ्या त्या चुकीत तो शाबूत होता.

पण देवळीत निरांजन होतं. या पॅनेलवर एका बाईला दिवसभर लोकांचे पैसे मोजायचे होते.

आणि मला टोचतं ते हे की पहिली खूण मी बघितली होती. संस्थेत विंडोज ७ ची मशिनं आली तेव्हा फॉर्मचा मूळ रंग बदलून २४०, २४०, २४० झाला, निव्वळ फिकट राखाडी. त्यावर माझं पॅनेल किंचित पिवळं दिसू लागलं, धुतलेल्या पांढऱ्या शर्टावर चहाचा जुना डाग दिसतो तेवढं. मी तेव्हा शाखेत गेलो होतो, ते बघितलं होतं, आणि मॉनिटर जुना झालाय असं म्हणून पुढे गेलो होतो. अक्षरं काळी होती, वाचता येत होती, कुणाची तक्रार नव्हती. आज गणित करून बघितलं. पांढरं अक्षर आणि तो पिवळसर, यांच्या उजळपणाचं गुणोत्तर १.२ ला १ भरतं. वेबवाल्यांच्या डब्ल्यूसीएजी, म्हणजे सगळ्यांना वाचता यावं म्हणून केलेल्या, नियमावलीत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतं. धडधाकट डोळ्यांनाही तिथं काही वाचता आलं नसतं. एका मोतीबिंदूच्या डोळ्याची गोष्टच सोडा.

त्याच फॉर्मवर आणखी एक जुनी जखम सापडली. वरच्या पट्टीत संस्थेच्या बोधचिन्हाचं चित्र आहे आणि त्यावर नावाचं लेबल. त्या लेबलाला मी ट्रान्स्परंट दिलं होतं आणि तरी त्याच्यामागे चित्राऐवजी फॉर्मचाच रंग दिसायचा. तेव्हा वैतागून ते लेबल चित्राच्या बाजूला सरकवून दिलं होतं. कारण पुष्कळ उशिरा कळलं: विनफॉर्म्समधला, म्हणजे डॉटनेटच्या फॉर्म बनवायच्या भागातला, पारदर्शक कंट्रोल पालकाला सांगतो, माझ्या जागेपुरतं तू स्वतःला रंगव. त्याला दिसतो तो फक्त पालक. चित्र त्याच्या मागे असलं तरी ते त्याचं भावंड, एकाच फॉर्मची दोन लेकरं, आणि भावंड त्याला दिसत नाही. उपाय एका ओळीचा, लेबलाचा पेरेंट म्हणून त्या चित्राला नेमायचं, आणि मग त्याची जागा नव्यानं मोजायची, कारण आता अंतर नव्या घराच्या कोपऱ्यापासून धरलं जातं. तेही त्या रात्री करून टाकलं.

चौकटींचे आकडे मात्र सगळ्या गोंधळात का वाचले गेले, याचा विचार केल्यावर मला ज्यांनी हे मूळ रचलं त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटला. टेक्स्टबॉक्स पालकाचा रंग घेतच नाही. लिस्टबॉक्सही नाही. लेबल, पॅनेल, चेकबॉक्स ही घराची भिंत. भिंतीनं घराच्या रंगात असावं. पण जिथं माणूस लिहितो ती जागा सिस्टिमच्या 'विंडो' रंगाची, म्हणजे कागदाची. घर कुठल्याही रंगाचं असो, पाटीनं पाटीसारखं दिसावं. एखाद्या उत्साही प्रोग्रॅमरनं फॉर्म जांभळा केला तरी खातेदाराची शिल्लक वाचता यावी, एवढी काळजी कुणीतरी आधीच घेऊन ठेवली आहे. हल्ली डार्क मोडची सगळीकडे मागणी आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या डॉटनेट ९ मध्ये विनफॉर्म्सलाही प्रायोगिक स्वरूपात तो मिळाला, सुरुवातीला एक ओळ लिहिली की झालं. झालं म्हणजे, ज्या फॉर्मवर रिकाम्या जागा रिकाम्या ठेवल्या असतील तिथं झालं. हातानं भरलेले रंग त्या अंधारात माझ्या पॅनेलसारखेच उघडे पडणार.

पॅनेल निवडलं, बॅककलरवर राइट क्लिक, रीसेट. ठळक आकडे साधे झाले. डिझायनरच्या फाइलीतली ती एक ओळ नाहीशी झाली. माझ्या मशिनवर हाय कॉन्ट्रास्ट लावून प्रोग्रॅम चालवला. पिवळा चौकोन गेला, काळं अखंड पसरलं, त्यावर 'खातेदाराचं नाव', 'जामीनदार', 'शिल्लक' पांढरं लख्ख. वीस वर्षांत पहिल्यांदा ती अकरा लेबलं...

दहा. थकबाकी गेली होती.

गडद लाल, १३९, ०, ०. पिवळसरावर जो शब्द एकटा उभा होता, तो आता काळ्यात बुडाला होता, डोळे ताणले तर विझत्या निखाऱ्याइतका. पहिला विचार आला, यालाही रीसेट करावं, सगळ्यांसारखा पांढरा होऊ दे, भांडण मिटलं. हात माऊसवर होता. सकाळपर्यंत थांबलो आणि मॅडमना फोन करून विचारलं.

"न्हाई न्हाई दादा," त्या म्हणाल्या, "ते तांबडं राहू द्या. मी आकडं बघून शिक्का मारत असते, मान खाली. तांबडं दिसलं की मान वर करून माणसाकडं बघते. काय झालंय घरात ते इचारते."

हे मला माहीत नव्हतं. २००६ साली तो रंग मी नुसता शोभेला दिला होता, वसुलीचे कागद लाल शाईत असतात म्हणून. तो रंग दिसला की तिथं एक बाई मान वर करते आणि कर्जदाराला घरचं विचारते, ही त्या रंगाची खरी नोकरी निघाली. तो वरून येणं शक्यच नव्हतं. तो असा कुठल्या सिस्टिममध्ये नाही, कुठल्या थीममध्ये नाही.

म्हणून तो हातानंच दिला, पण आधी विचारून. फॉर्म उघडताना सिस्टिम इन्फर्मेशनला, म्हणजे विंडोजची माहिती देणाऱ्या डॉटनेटच्या भागाला, विचारायचं, हाय कॉन्ट्रास्ट चालू आहे का. असेल तर हा लाल, नसेल तर जुनाच गडद. मध्येच कुणी ती तीन बटणं दाबली तर विंडोजकडून वर्दी येते, तेव्हा पुन्हा विचारायचं. पहिल्यांदा मी फिकट पोवळ्याचा रंग घेतला, काळ्यावर त्याचं गुणोत्तर आठाच्या वर जातं. मॅडम म्हणाल्या, हे गुलाबी झालं, हे बघून मान वर होत न्हाई. मग निखळ लाल, २५५, ०, ०. गुणोत्तर पाचाच्या थोडं वर. तो पाठवला.

संध्याकाळी फोटो आला. काळा फॉर्म, कड नसलेलं पॅनेल, पांढरी दहा लेबलं आणि एक लाल. स्क्रीनच्या काचेत मॅडमच्या चष्म्याचं आणि खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब होतं, आणि गजांपलीकडे पासबुक हातात घेऊन उभा असलेला कुणीतरी.